सायकल येतेच की मला! (घोळ तिथेच होतो)

मागच्या दिवाळीत सायकल घेतली, 22 हजारांची हायब्रिड, 21 गिअरवाली, आणि दुकानातून घरी आणताना पुण्यातल्या महात्मा सोसायटीच्या चढावर उतरून ढकलत नेली. वय 46. त्याआधी शेवटची सायकल म्हणजे कॉलेजातली लेडीबर्ड, मधे 25 वर्षं नुसती स्कूटर. दुकानदाराने विचारलं होतं, मॅडम सीट वगैरे सेट करून देऊ का, तर मी म्हटलं नको हो, सायकल येतेच की मला. तर हे जे "येतेच की" आहे ना, त्याने पुढचे दोन महिने माझी वाट लावली, म्हणून हे सगळं लिहितेय.

कसंय की बॅलन्स खरंच विसरत नाही आपण, दहा मिनिटांत परत येतो. पण बॅलन्सबरोबर त्या वेळच्या सगळ्या वाईट सवयीपण परत येतात. आपण शिकलो कशावर, तर बाबांच्या काळ्या ॲटलसवर, फ्रेमच्या आडव्या नळीच्या खालून पाय घालून, हाफ पेडल मारत. मग शिकलो की सीट इतकी खाली पाहिजे की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पुढचा ब्रेक दाबला तर तोंडावर पडशील, चढ आला की दात ओठ खाऊन जोर लावायचा. त्या सायकलवर हे ठीक होतं, पर्यायच नव्हता. नवीन सायकलवर यातली एकेक गोष्ट उलटी करावी लागते. ज्याला सायकल अजिबात येत नाही त्याला हे सोपं जातं बघा, आपल्यासारख्यांना अवघड.

अजून घेतली नसेल तर सायकल कुठली घ्यावी यावर फार डोकं लावू नका. शहरात चालवायची, अधूनमधून लांब जायचं, तर हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली. जाड टायर आणि पुढे शॉकॲब्सॉर्बरवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, दिसायला दणकट दिसते, पण डांबरी रस्त्यावर ते जड टायर ओढण्यातच दम जातो, आणि स्वस्तातल्या सायकलचा शॉकॲब्सॉर्बर म्हणजे नुसतं जास्तीचं वजन. वाकड्या हँडलची रोड बाईक भारी असते पण 20 वर्षांनी परत सुरू करताना ती नको, मान आणि पाठ दोन्ही बोंबलतात. ब्रँडपेक्षा साइझ महत्त्वाची. नळी दोन्ही पायांच्या मधे घेऊन जमिनीवर सपाट उभं राहायचं, नळी आणि आपल्यामधे दोन-तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. आणि हँडल धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहिलं पाहिजे, हात ताठ ताणले जात असतील तर सायकल मोठी आहे, "नंतर सवय होईल" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे दुर्लक्ष करा, होत नाही.

आता सीट. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण अर्ध्याहून जास्त त्रास इथूनच सुरू होतो. माझी सीट जुन्या सवयीने खाली होती, दोन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागलं, मी समजले वय झालं, घरच्यांनीही तेच समजलं (जरा जास्तच उत्साहाने). मग सोसायटीतल्या एका काकांनी, जे 70 च्या पुढचे आहेत आणि रोज पाषाण तळ्यापर्यंत जाऊन येतात, त्यांनी भिंतीला धरून मला सायकलवर बसवलं आणि म्हणाले टाच ठेव पेडलवर. पद्धत अशी, की भिंतीला हात टेकून सीटवर नीट बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय अगदी सरळ झाला पाहिजे. वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, टाच पोचतच नसेल तर वर आहे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पेडलवर येतो आणि गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. मला सीट जवळजवळ 7 सेंटीमीटर वर घ्यावी लागली! एकदम नाही घेतली, तीन-चार दिवसांनी एकेक सेंटीमीटर अशी घेतली, तुम्हीपण तसंच करा म्हणजे भीती वाटत नाही. फक्त सीटच्या दांड्यावर एक रेघ असते, ती रेघ बाहेर दिसेपर्यंत वर ओढायची नाही, दांडा वाकतो नाहीतर फ्रेम चिरते. आणि लक्षात ठेवायला सोपं म्हणून, गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला तर वर आहे, आणि पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तरीपण वरच आहे.

पण मग पाय जमिनीला पोचत नाहीत, सिग्नलला काय करायचं? हाच प्रश्न मला पडला होता. उत्तर हे की थांबताना सीटवर बसून थांबायचंच नाही. ब्रेक लावत स्पीड कमी झाला की सीटवरून पुढे सरकून खाली यायचं, नळीवरून उभं राहायचं, डावा पाय जमिनीवर. निघताना उजवं पेडल वर-पुढे आणायचं, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे, ब्रेक सोडायचा, त्या पेडलवर उभं राहिल्यासारखा दाब द्यायचा, सायकलपण पुढे जाते आणि आपणपण वर उचलले जातो, मग मागे सरकून बसायचं. एका पायाने लंगडी घालत घालत, मग टांग टाकून बसायची जुनी पद्धत विसरा, ट्रॅफिकमधे ती लंगडी घालतानाच मागचा ठोकतो. सोसायटीच्या पार्किंगमधे वीस-पंचवीस वेळा नुसतं निघा-थांबा निघा-थांबा केलं मी, वॉचमनला वाटलं मॅडमचं काहीतरी बिनसलंय.

ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा आणि डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, तरी आपापल्या सायकलचा एकदा चाक उचलून, दाबून बघा. आता लहानपणीची भीती बाजूला ठेवा, सायकल थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक मारला की बहुतेक वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होऊन नुसतं घसरतं. तोंडावर पडतो ते पुढचा ब्रेक *एकदम* दाबला म्हणून. दोन्ही ब्रेक बरोबर, हळूहळू वाढवत दाबायचे आणि त्याच वेळी आपण जरा मागे सरकायचं. मोकळ्या जागी सराव करा. वळताना किंवा बारीक खडीवर मात्र पुढचा जोरात नकोच, वळणाच्या आधीच स्पीड कमी करायचा. डिस्क ब्रेक असतील तर पहिल्या दिवशी ते नीट पकडत नाहीत, सायकल खराब नाहीये, जरा स्पीड घेऊन हळू करायचं असं वीसेक वेळा केलं की पॅड बसतात. आणि डिस्क म्हणजे चाकाला लावलेली ती ब्रेकची चकती, तिला तेलाचा हात लावायचा नाही, एवढंच.

गिअरचं सगळे उगाच अवघड करून सांगतात. 21 गिअर म्हणजे पुढे पेडलपाशी 3 दातेरी चकत्या, मागच्या चाकाला 7. डाव्या हाताने पुढच्या बदलतात, उजव्या हाताने मागच्या. पुढे लहान म्हणजे हलकं, मागे मोठी म्हणजे हलकं. सुरुवातीचा महिनाभर डाव्या हाताच्या गिअरला हात लावू नका, पुढे मधली चकती ठेवा आणि फक्त उजव्या हाताने खेळा, सपाट शहरी रस्त्याला तेवढं पुरतं. गिअर बदलायचा तो पाय फिरत असताना आणि जोर कमी करून. सायकल थांबलेली असताना बदलला आणि मग दाबून पेडल मारलं की कडाकडा आवाज येतो आणि चेन पडते. चढ दिसला की चढाच्या *आधी* हलका करायचा, मधे अडकल्यावर नाही. सिग्नलला थांबायच्या आधीपण हलका, म्हणजे निघताना त्रास नाही. आणि पुढे मोठी मागेही मोठी, किंवा दोन्हीकडे लहान, असं ठेवायचं नाही, चेन तिरकी ओढली जाते आणि घासते.

आणि सगळ्यात मोठी सवय मोडायची ती जोर लावायची. आपल्याला वाटतं जड गिअरवर पाय दाबत दाबत चालवलं म्हणजे व्यायाम झाला. तसं नाहीये, गुडघे जातात नुसते. पाय हलके आणि भराभर फिरले पाहिजेत. 15 सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली आला ते मोजा, 18-20 वेळा आला म्हणजे मिनिटाला 70-80 फेऱ्या, मस्त. माझ्या 11 येत होत्या पहिल्यांदा. दम लागतो याने, पाय दुखत नाहीत, आणि दम लवकर सुधारतो, गुडघा सुधारत नाही.

बसायची जागा दुखते. दुखणारच. पहिले दहा-पंधरा दिवस प्रत्येकाची दुखते, कोणी सांगत नाही. यावर लोक मऊ जेलचं कव्हर घालतात, मीपण घातलं, अजून त्रास वाढला कारण हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. सीट आडवी सपाट आहे का बघा, नाक वर असेल तर बधिरपणा येतो, तो मात्र सहन करत बसायचं नाही, लगेच सीट बदला किंवा ॲडजस्ट करा. बायकांना थोडी रुंद सीट लागते बऱ्याचदा, दुकानात बसून बघा, लाजू नका. अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवायचं झालं तर पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घ्या, वरून साधी ट्रॅकपँट घातली तरी चालते, आणि त्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासते म्हणून, हे मला तीन राइड झाल्यावर कळलं! दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून जरा हवा लागू द्यायची. ओढणी, सैल सलवार, नाडी, बुटाची लेस यातलं काहीही चेनपाशी लोंबता कामा नये.

हेल्मेट घाला. यावर वाद नको. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतका घट्ट, मागे टोपीसारखं सरकवून नाही. एकदा जोरात आपटलं की ते बाद, वरून धड दिसलं तरी. पहाटे निघत असाल तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल.

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, मग किती चालवायची ते. माझं मत, पहिले दोन आठवडे अर्धा तासाच्या वर नाही, 5-6 किलोमीटर, पण आठवड्यातून चार दिवस. रविवारी एकदम 30 आणि मग सोमवार ते शनिवार लंगडणं, याचा उपयोग शून्य. चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धापा टाकत एकेक शब्द येत असेल तर हळू करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 10-12 वर जा. मी काय केलं तर दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसमधल्या पोरांबरोबर सिंहगडला गेले. पायथ्यापासून वर 8-9 किलोमीटरचा घाट आहे तो, पहिल्या दोन वळणांनंतर मी उतरले ती उतरलेच, एक आजोबा चालत पुढे निघून गेले, "चालू द्या ताई" म्हणाले. नंतर पाच दिवस सायकलकडे बघितलं नाही.

ट्रॅफिकचं वेगळं शिकावं लागतं कारण आपण सायकल चालवायचो तेव्हाचे रस्ते आता नाहीत. एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतात, आता सायकल ट्रॅक आहेत पण त्यावर गाड्या लावलेल्या असतात आणि तो मधेच कुठेतरी संपतो, त्यामुळे रस्त्यावर यावंच लागतं. आपली सवय म्हणजे डाव्या कडेला अगदी चिकटून जायचं, ती चुकीची. कडेला खडी, ड्रेनेजची झाकणं, आणि उभ्या गाड्यांचे दरवाजे. उभ्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं मीटरभर लांब राहायचं, सरळ रेषेत जायचं, प्रत्येक दोन गाड्यांच्या मधल्या फटीत आत-बाहेर करायचं नाही, त्याने मागच्याला कळत नाही तुम्ही कुठे आहात. बस स्टॉपपाशी पीएमपीची बस डावीकडे घेते तेव्हा बस आणि फुटपाथच्या मधे कधीच घुसू नका, थांबा, जाऊ द्या तिला. रिक्षा कधीही कुठेही थांबते, हे तर माहितीच आहे. स्कूटरची सवय असली की आरशात बघायला डोळे जातात आणि आरसा नसतो, तेव्हा उजव्या खांद्यावरून मागे वळून बघायची प्रॅक्टिस करा, रिकाम्या मैदानात आखलेल्या रेघेवरून चालवत, कारण मान वळवली की हँडलपण वळतं. हे जमेपर्यंत कर्वे रोडला जायचं नाही. सकाळी सहा ते सात बेस्ट.

सकाळचा एकच प्रॉब्लेम, कुत्री. जोरात पळवायचं नाही, त्यांना तेच हवं असतं. स्पीड कमी, मोठ्याने "हाड!", आणि अगदी अंगावर आली तर उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे ठेवून चालत पुढे जायचं, चाकं थांबली की बहुतेक वेळा त्यांचा इंटरेस्ट संपतो.

पावसाळ्यात मडगार्ड लावा नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसला जाल. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, आणि गुलमोहराच्या पडलेल्या पाकळ्या, तिन्हीवर चाक साबणासारखं सटकतं, त्यावर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही. रबरी ब्रेक पाण्यात उशिरा पकडतात, लवकर दाबायला सुरुवात करा. पाणी साचलेल्या डबक्यातून तर अजिबात नको, खाली काय आहे ते महापालिकेलाही माहीत नसतं.

हवा आठवड्यातून एकदा भरायचीच. पंक्चर नसतानाही सायकलची हवा कमी होत जाते, ट्यूब पातळ असते. किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, माझ्या टायरवर 50 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे, मी 60 ठेवते. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडेवर चेमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मीटरवाला उभा पंप घ्या घरी. व्हॉल्वकडे बघा कुठला आहे, जाड असेल तर स्कूटरसारखाच, पेट्रोल पंपावर हवा भरता येते पण जपून, तिथल्या प्रेशरने ट्यूब फुटू शकते, आणि बारीक लांब असेल तर टोकाची छोटी चकती आधी सैल करावी लागते आणि पेट्रोल पंपावर छोटं पितळी ॲडाप्टर लागतं. गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे ते नसतं बऱ्याचदा, एक जवळ ठेवा.

बरोबर एक जादाची ट्यूब, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि ॲलन की चा (षटकोनी किल्ल्यांचा) सेट. आणि घरी, उजेडात, चहा पीत एकदा तरी चाक काढून ट्यूब बदलून बघा. मागचं चाक काढायच्या आधी गिअर मागच्या सगळ्यात लहान चकतीवर आणायचा, मग चेन सहज निघते. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, कारण आपल्याकडे बाभळीचा काटा आतच मोडून बसलेला असतो, तो काढला नाही तर नवीन ट्यूबपण पाच मिनिटांत गेली. माझी गेली. पेडल काढायची वेळ आली तर डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, नेहमीच्या दिशेने फिरवत बसलात तर अजून घट्ट होतं.

चेनला तेल म्हणजे सायकलचंच चेन ऑइल, खोबरेल किंवा गाडीचं जुनं इंजिन ऑइल नाही, त्याला धूळ चिकटून काळं डांबर होतं. फडक्याने चेन पुसायची, पेडल उलटं फिरवत एकेका कडीवर एकेक थेंब, दोन मिनिटं थांबून वरचं तेल परत पुसून टाकायचं. वरून चकचकीत ओली दिसली तर तेल जास्त झालंय. आणि 150-200 किलोमीटर झाले की पहिली सर्व्हिसिंग करूनच घ्या, नवीन सायकलच्या केबल ताणतात, गिअर नीट बसेनासे होतात, आरे सैल होतात, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा लागतो. माझा गिअर आपोआप बदलायला लागला तेव्हा मला वाटलं सायकलच फसवी निघाली, फक्त केबल होती, मेकॅनिकने केबलच्या टोकाची एक छोटी चकती अर्धा आटा फिरवली.

दीड-दोन महिन्यांनी पहिली लांबची राइड म्हणून खडकवासला करा, कोथरूडहून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, फार मोठा चढ नाही. रविवारी उशिरा जाऊ नका, धरणावर गाड्यांची जत्रा असते, सहाला निघा. तासाला अर्धा लिटर पाणी, घोट घोट, तहान लागायची वाट न बघता. निघताना एक केळं, बरोबर चिक्की, पाण्यात लिंबू-मीठ-साखर. जाताना थोडी ताकद शिल्लक ठेवा कारण येताना ऊन आणि समोरून वारा दोन्ही असू शकतात. आणि तिथे कांदाभजी खाणारच आहात, खा, पण एकच प्लेट, आणि परत निघताना पहिली दहा मिनिटं सगळ्यात हलक्या गिअरवर, कारण मी एकदा दोन प्लेट खाऊन जड गिअरवर निघाले होते आणि नांदेड फाट्याला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं होतं.